घरच्या धंद्याची वही : प्रस्तावना

दिवाळीच्या फराळाची शेवटची ऑर्डर जाते, ओटा धुऊन होतो आणि घरातले कोणीतरी विचारते, ‘यंदा किती सुटले?’ बहुतेक घरांत उत्तर एकच मिळते, ‘बरे सुटले.’ हे उत्तर देणारी बाई महिनाभर पहाटे उठलेली असते. भाजणी कोणत्या गिरणीत नीट दळून मिळते, तेल कमी तापले तर चकली कशी तेल पिते, कोणत्या गिऱ्हाइकाला बेसनाचा लाडू कोरडा लागतो, हे सगळे तिला तोंडपाठ असते. एक आकडा मात्र तिच्याकडे नसतो, आणि एवढा खटाटोप केला तो त्याच आकड्यासाठी.

त्या आकड्यापर्यंत कसे पोचायचे, हा या पुस्तकाचा विषय. ते घरातून धंदा करणाऱ्यांसाठी आहे. फराळ, मसाले, पापड आणि डबे करणाऱ्यांसाठी, केक करणाऱ्यांसाठी, ब्लाउज आणि पिको-फॉल करणाऱ्यांसाठी, शिकवण्या घेणाऱ्यांसाठी. यात पुरुषही आहेत. पण हे धंदे सांभाळणारे हात मुख्यतः बायकांचे, म्हणून पुढे मी ‘ती’ असेच लिहिते आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: घरच्या धंद्यातले कष्ट आणि पैसा घरातच जिरून जातात, आणि ते वेगळे काढून दाखवण्याची ताकद फक्त लिहिलेल्या हिशेबात असते. कर, कर्ज, अनुदान या गोष्टी त्यानंतरच्या.

दुकानाचे तसे होत नाही. दुकानाला भाडे असते, वेगळा वीजमीटर असतो, नोकराचा पगार ठरलेल्या तारखेला द्यावा लागतो. खर्च आपण होऊन समोर येतो. घरी गॅस तोच, मिक्सर तोच, मीठ-मोहरीचा डबाही तोच. पुडे बांधायला सासूबाई बसतात, पोचवायला मुलगा जातो, रिक्षाचे पैसे पर्समधून जातात. यातले काहीच धंद्याच्या नावावर पडत नाही. मग नफा दिसतो तो खोटा, आणि भाव ठरतो तोही चुकीचा.

चकलीचेच उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या गावचे भाव घालून ते पुन्हा मांडा. पाच किलो चकलीसाठी साडेतीन किलो भाजणी, १२० रुपयांच्या भावाने ४२० रुपये. चकलीत मुरलेले आणि तळणीत उरलेले, पुन्हा वापरता न येणारे तेल मिळून ३०० रुपये. तीळ, ओवा, तिखट, मीठ ८० रुपये. साहित्य झाले ८०० रुपयांचे, म्हणजे किलोला १६०. विक्रीचा भाव ४००. बहुतेक जणी इथेच थांबतात आणि किलोमागे २४० रुपये सुटले असे धरतात.

आता पुढचे लिहू. गॅस १०० रुपये. पाव किलोचे पुडे, पिशवी आणि लेबल धरून १२० रुपये. दोन ठिकाणी पोचवायची रिक्षा ८० रुपये. खर्च ११०० वर गेला. शिवाय पाच किलोंतली चारशे ग्रॅम तरी चकली तुटते. ती घरात खाल्ली जाते, शेजारी दिली जाते, पण विकली जात नाही. म्हणजे ११०० रुपये साडेचार किलोंच्या आसपासच्या मालावर पसरायचे. दोघींचे मिळून दहा तास गेले. तासाला ६० रुपये, म्हणजे काही फार मोठी मजुरी नव्हे, तरी ६०० रुपये होतात. एकूण १७००, भागिले ४.६ किलो. चकली किलोला ३७० रुपयांना पडली. ४०० च्या भावात हाती राहिले तीस.

तीस रुपये वाईट नाहीत. मजुरी सुटून वरचे आहेत ते. पण २४० समजून जी बाई ओळखीच्या गिऱ्हाइकाला ‘तुमच्यासाठी पन्नास कमी’ म्हणते, ती प्रत्येक किलोला स्वतःच्या मजुरीतले वीस रुपये देऊन टाकते. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला हे माहीत नसते. तिला स्वतःलाही माहीत नसते, याचे मला फार वाईट वाटते. स्वतःचा मेहनताना खर्चात धरायला बायका संकोचतात. ‘घरीच तर होते’, ‘नाहीतर तो वेळ वायाच जातो’ अशी कारणे देतात. या पुस्तकाचा लागवडीवरचा भाग, म्हणजे वस्तू कितीला पडते हे काढण्याचा भाग, मेहनतान्याच्या बाबतीत अजिबात सवलत देत नाही, आणि तेच योग्य आहे. मजुरी न धरता टिकलेला धंदा ती बाई आजारी पडली की बंद पडतो, कारण तिच्या जागी पगार देऊन कोणाला बसवण्याइतका पैसा त्यात कधी नव्हताच.

घरगुती उद्योगातून मोठी झालेली संस्था म्हटले की लिज्जतचे नाव येते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटले. भांडवल होते ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. तिच्यातला कमी सांगितला जाणारा भाग असा की, पैसे देणारे छगनलाल करमसी पारेख, ज्यांना छगनबाप्पा म्हणत, त्यांनी या बायकांना दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. स्वस्त आणि महाग असे दोन दर्जाचे पापड करू नका, एकच चांगला करा. आणि हा धंदा आहे असे समजून हिशेब चोख ठेवा. पुढे जी पद्धत रुळली तिच्यात हिशेब कामातच मिसळलेला आहे. संस्थेची सभासद बहीण सकाळी येते, काल नेलेल्या पिठाचे पापड आणून देते, ते तपासून वजन होते, लाटणीचे पैसे हाती पडतात आणि आजचे पीठ घेऊन ती घरी जाते. किती पीठ गेले, किती पापड आले, किती मजुरी दिली, हे रोजच्या रोज मिटते. वर्षाच्या शेवटी आठवून लिहायला काही उरत नाही. पीठ आणि पापड यांचा हा मेळ कोणत्याही स्वयंपाकघरात घालता येतो. त्याला लागतो एक वजनकाटा.

याच मुंबईत, गिरणगावात, खानावळी चालवणाऱ्या बायकांची अवस्था वेगळी होती. गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या या बायकांना पैसे मिळत ते कामगाराचा पगार झाल्यावर. तोवर धान्य आणि तेल वाण्याकडून उधारीवर. वही वाण्याच्या हातात, भाव त्याने लावायचा आणि बाकीही त्यानेच सांगायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते या बायकांना सावकारीच्या फेऱ्यातून काढून बँकेच्या कर्जापर्यंत नेण्यासाठी. उधारी वाईट असते असे मी म्हणणार नाही, उधारीशिवाय धंदा होत नाही. परंतु देण्याची वही फक्त उधार देणाऱ्याच्या हातात असणे धोक्याचे, कारण मग आपण काय देणे आहोत हे आपल्याला दुसऱ्याकडून कळते. आजही किराणा, बारदाना, कापड उधार आणणाऱ्या कितीतरी जणींकडे स्वतःची नोंद नसते. दुकानदार सांगेल तो आकडा खरा.

इथे कोणी म्हणेल की या बायकांना लिहिता येत नव्हते, हिशेब कुठून ठेवणार? त्याला उत्तर सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडने दिले आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका अक्षरे गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा गेल्या तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले, कोणत्याही मुद्दलावरचे व्याज आम्हाला विचारा, आणि तेच तुमच्या अधिकाऱ्यांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. कोण आधी काढते ते पाहू. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. मला या प्रसंगात त्यांच्या हजरजबाबीपणाहून मोठे काही दिसते. आपल्या बायकांना गणित येते. बाजारात, भिशीत, लग्नाच्या खर्चात ते रोज वापरले जाते. कमी पडते ते तोंडी गणित कागदावर उतरवणे. तोंडी हिशेब बरोबर असला तरी तो दुसऱ्याला दाखवता येत नाही, आणि सहा महिन्यांनी आपल्याला स्वतःलाही पाहता येत नाही.

बचत गटांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड यांच्या जोडीला पाचवे सूत्र आहे अद्ययावत लेखे. गटाची वही म्हणून बहुतेक ठिकाणी व्यवस्थित असते: तारखा, सह्या, बाक्या, सगळे जिथल्या तिथे. पण त्याच गटातून कर्ज काढून जिने शेवयांचे यंत्र घेतले, तिच्या यंत्राची वही नसते. दहा जणींच्या पैशाला जी शिस्त ती लावते, ती स्वतःच्या पैशाला लावत नाही. हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ज्ञान तिच्याकडे आधीच आहे, ते घरी आणायचे एवढेच.

पद्धत जुनीच आहे आणि ती पुरते. रोजचे व्यवहार ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने उतरवायची ती कीर्द. आपल्या जुन्या रिवाजात डावीकडे जमा, उजवीकडे नावे. त्यातून माणसागणिक आणि खर्चाच्या प्रकारागणिक वेगळी पाने काढायची ती खतावणी. पेशवे दप्तरातल्या मोडी रुमालांत केवढा तरी भाग अशाच जमाखर्चाचा आहे. मोहिमेचा, लग्नाचा, दानधर्माचा खर्च काय झाला हे आज इतिहास लिहिणाऱ्याला कळते ते कोण्या कारकुनाने त्या दिवशीच लिहून ठेवले म्हणून. ‘त्या दिवशीच’ हा यातला कळीचा भाग. रात्री झोपण्यापूर्वी हातातली रोकड मोजायची आणि कीर्दीतल्या शिल्लकेशी ताडून पाहायची. जुळले नाही तर तिथेच थांबून शोधायचे. आज पन्नास रुपयांचा फरक पाच मिनिटांत सापडतो. महिन्याने तो सापडत नाही, फक्त बोचत राहतो.

नोंदी करताना ज्या चारदोन ठिकाणी हमखास गल्लत होते त्यांवर पुस्तकात विस्ताराने लिहिले आहे. आगाऊ घेतलेले पैसे ही त्यांतली पहिली. नवरात्रात फराळाच्या ऑर्डरीचे पाच हजार आगाऊ आले तर ती कमाई झाली असे वाटते आणि त्यातून घरातला एखादा खर्च भागवला जातो. माल हाती देईपर्यंत ते पैसे गिऱ्हाइकाचे आहेत, ते देणे आहे. दुसरी म्हणजे उचल. धंद्याच्या पैशातून मुलाची फी भरली तर ती भरावीच. धंदा त्यासाठीच केला आहे. मात्र ती धंद्याच्या खर्चात न घालता ‘उचल’ म्हणून वेगळी लिहावी, म्हणजे धंद्याने घराला वर्षभरात किती दिले हे कळेल. हा आकडा पाहून घरातली माणसे गप्प झालेली मी पाहिली आहेत, आणि त्यानंतर त्यांचे वागणे बदललेलेही. तिसरी घसाऱ्याची. अठरा हजारांचा ओव्हन पाच वर्षे चालेल असे धरले तर महिन्याला तीनशे रुपये त्याचे बाजूला पडायला हवेत. नाही पडले तर पाच वर्षांनी पुन्हा कर्ज.

पैसा कोणाच्या खात्यात येतो, याकडे मला वाचकांचे विशेष लक्ष वेधायचे आहे. मोबाइलवरून पैसे घेणे आता सवयीचे झाले, आणि अनेक घरांत ओट्यावर चिकटवलेला क्यूआर कोड नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाचा असतो. सोय म्हणून सुरुवात होते. परिणाम असा की धंदा तिचा आणि बँकेच्या दृष्टीने कमाई दुसऱ्याची. उद्या ती मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचे शिशु कर्ज मागायला गेली, त्याला तारण लागत नाही, तरी खात्यावरची उलाढाल बँक पाहतेच, आणि तिचे खाते कोरे असते. भर म्हणून विक्रीचे पैसे ज्या खात्यात येतात त्याच खात्यात नवऱ्याचा पगार, भावाने परत केलेले पैसे, गॅसची सबसिडी, सोसायटीची वर्गणी, सगळे एकत्र. बँकेचा उतारा हाच हिशेब, असे म्हणणाऱ्यांनी असा एक उतारा समोर ठेवून त्यातली विक्री वेगळी काढून दाखवावी. तिच्या एकटीच्या नावाचे, फक्त धंद्यासाठी वापरायचे बचत खाते आणि त्याला जोडलेला क्यूआर कोड, ही मी या विषयातली पहिली पायरी मानते. वही दुसरी.

कायद्याचा भाग पुस्तकात शेवटी आहे आणि तो तिथेच असावा. काही ठळक गोष्टी एवढ्याच. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. सेवेला ही मर्यादा २० लाख, आणि डबे किंवा केटरिंग सेवेत मोडते. पण जीएसटी लागणारा माल परराज्यात विकला तर ही सूट साधारणपणे राहत नाही. कोल्हापूरचा मसाला पणजीच्या दुकानाला देताना हे आधी विचारून घ्यावे. आयकरात छोट्या धंद्याला अंदाजित नफ्याची सोय आहे: रोख विक्रीचे ८ टक्के, बँकेमार्फत आलेल्या विक्रीचे ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येते आणि तपशीलवार वह्यांची सक्ती राहत नाही. यावरून ‘मग हिशेब कशाला’ असा निष्कर्ष काढणारे सल्लागार भेटतात. तो सल्ला घेऊ नका. सरकारला तुमचा नेमका नफा नको असेल, तुम्हाला तो हवा आहे. वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेचे कर्ज कोणाकडूनही, मग तो मामा असो, रोखीने घेऊ नये. कायद्यात त्याला मनाई आहे. खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आवश्यक. या मर्यादा बदलू शकतात, म्हणून दर एप्रिलमध्ये त्या एकदा ताडून पाहाव्यात.

उद्यम नोंदणीबद्दल, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीबद्दल, मात्र दोन वाक्ये जास्त. ती ऑनलाइन होते, आणि सरकार तिच्यासाठी एक पैसा घेत नाही. पैसे मागणारा मधला माणूस टाळावा. तिचा मोठा उपयोग असा की, माल करून देणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे घेणाऱ्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. दिवाळीला एखाद्या कंपनीला दोनशे भेटपेट्या देऊन संक्रांतीपर्यंत पैशांची वाट पाहणाऱ्या बाईला हा कायदा हातात धरता येतो. पण दावा करताना तारखेचे बिल, माल पोचल्याची सही आणि ऑर्डरचा कागद लागतो. तोंडी ऑर्डर आणि चिठ्ठीवरचा आकडा घेऊन कोणी तिच्या बाजूने उभे राहू शकत नाही. व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली असेल तर निदान तो संदेश पुसू नये.

कागद जपण्याविषयी एक छोटी सूचना. मॉलमधली, पेट्रोल पंपावरची गुळगुळीत कागदाची बिले काही महिन्यांत कोरी होतात. त्यांचा फोटो काढून ठेवावा किंवा झेरॉक्स वहीला जोडावी. आठ वर्षांपर्यंतच्या वह्या आणि बिले ठेवलेली बरी. एक खोका पुरतो.

वही की ॲप, असे मला नेहमी विचारतात. उधारीची आठवण गिऱ्हाइकाला आपण होऊन पाठवणारी ॲप चांगली आहेत, ज्यांची उधारी जास्त त्यांनी ती वापरावीत. माझा कल तरीही पहिल्या वर्षी कागदी वहीकडेच आहे. हाताने लिहिताना आकडा डोक्यात बसतो, तेलाचा डबा मागच्या महिन्यापेक्षा महाग आला हे लिहितानाच खटकते. शिवाय फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरतो, वही तिची तिच्याजवळ राहते. वर्षभर कीर्द न चुकता लिहिली की मग खुशाल संगणकावर जावे.

या पुस्तकाची भाषा सोपी आहे; प्रत्येक प्रकरणाला एखाद्या धंद्याचा पूर्ण मांडलेला महिना जोडला आहे. डबेवालीचा महिना सर्वांत उत्तम उतरला आहे, कारण सुट्ट्या, अर्धे डबे आणि महिनाअखेर येणारे पैसे यांचा गुंता त्यात खरोखर सोडवला आहे. शिवणकामाचे प्रकरण मला थोडे त्रोटक वाटले. गिऱ्हाइकाचे कापड आणि आपले अस्तर यांच्या नोंदी कशा वेगळ्या ठेवायच्या हे अजून सविस्तर यायला हवे होते. पुढच्या आवृत्तीत ते यावे.

वाचकांना एकच विनंती आहे. पुस्तक संपेपर्यंत थांबू नका. नवे वर्ष, पाडवा, १ एप्रिल यांची वाट पाहू नका. एक शंभर पानी वही घ्या, पहिल्या पानावर आजची तारीख आणि स्वतःचे नाव घाला, आणि चार आकडे लिहा: धंद्याची रोकड किती, खात्यात किती, लोकांकडून येणे किती, लोकांचे देणे किती. एखादा आकडा अंदाजाने लिहावा लागला तर त्याच्यापुढे ‘अंदाजे’ असे लिहा आणि या आठवड्यात तो पक्का करा. पहिले प्रकरण त्या चार आकड्यांपासून सुरू होते.